काकांच्या डब्यातल्या जुन्या स्टॉक कार: रंग मारून घ्यावा का, आणि जळगावच्या उन्हात ठेवायच्या कशा?

मेहरूणकाठ (जळगाव):

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिते आहे, वेळ काढून वाचा.

माझे मोठे काका अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते. ऐंशीच्या दशकात ते अमेरिकेला गेले, नॉर्थ कॅरोलायनातल्या कन्नापोलिस नावाच्या गावात. तिथेही टॉवेलच्या गिरणीतच नोकरी. नव्वदच्या शेवटी परत आले आणि अमळनेरच्या जुन्या धाब्याच्या घरात राहिले. काका आता नाहीत. घर आवरायला गेलो तेव्हा काकूंनी एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला, "तुझ्या मुलाला ने" म्हणाल्या. आत सगळ्या धातूच्या गाड्या, शर्यतीच्या.

त्यात एक मोठी काळी गाडी आहे, दारावर ३ नंबर, मागच्या बाजूला नाणं टाकायची फट. म्हणजे ती गल्ला पण आहे, फक्त किल्ली नाही. एक निळी-लाल ४३ नंबरची अजून पुठ्ठ्याच्या पॅकमध्येच आहे, सोबत कार्ड आणि छोटं स्टँड, कार्डावर १९९२. एक फुटाएवढी लांब, फिकट निळी, तिलाही ४३ नंबर आणि मागे विमानाच्या शेपटीसारखा उंच पंख. आणि एक बोटाएवढी पिवळी, ३८ नंबरची. हिचा रंग चारी कोपऱ्यांना उडालाय आणि तीच सगळ्यात खेळलेली दिसते. बाकी लहान आठ-दहा सुट्या आहेत.

आता प्रश्न. माझ्या भाच्याच्या ओळखीचा एक डेंटिंग-पेंटिंगवाला अजिंठा रोडला आहे. तो म्हणतो पिवळी नव्यासारखी करून देतो. द्यावी का? दुसरं, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. माळ्यावर ठेवू की कपाटात? तिसरं, काळ्या गाडीचा ड्रायव्हर शर्यतीत गेला म्हणून ती लाखांत जाते, असं एकाने सांगितलं. खरं आहे का? विकायच्या म्हणून विचारत नाही, पण मुलाच्या हातात काय द्यायचं ते कळायला हवं.

अमळनेरवाला:

ताई, काकांबद्दल ऐकून वाईट वाटलं. प्रताप मिलचा भोंगा आमच्याही घरात ऐकू यायचा.

विकायची घाई करू नका एवढंच सांगतो. आपल्या गावात विप्रोचे शेअर ट्रंकेत पडून राहिले आणि लोक करोडपती झाले, हे तुम्हालाही माहीत आहे. अमेरिकेतली वस्तू आहे, ड्रायव्हर नावाजलेला आहे. पाच-दहा वर्षं ठेवा, भाव येईलच. पॅकमधली तर अजिबात उघडू नका.

रेल्वेकॉलनी_भुसावळ:

ताई, तुमचा प्रश्न दुपारीच वाचला होता. निवांत लिहायचं म्हणून थांबलो. माझं आयुष्य लोको शेडमध्ये गेलं, त्यामुळे धातू हातात घेतला की थोडं कळतं. या स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीचं रूप ठेवून शर्यतीसाठी बांधलेल्या अमेरिकन गाड्यांची डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेली) मॉडेलं, मी मुलं लहान होती तेव्हापासून जमवतो. इथल्या रेल्वे कॉलनीतली काही अँग्लो-इंडियन कुटुंबं घरं मोडून परदेशी निघाली, तेव्हा त्यांच्या सामानातून पहिल्या दोन मिळाल्या.

पहिली गोष्ट रंगाची. रंग मारू नका. पिवळीला तर मुळीच नाही. का, ते खाली सांगतो.

आधी काळी ३ नंबर. ती डेल अर्नहार्टची. तुमचे काका ज्या कन्नापोलिसला होते, तेच अर्नहार्टचं जन्मगाव. १९५१ चा जन्म. त्याचा बाप राल्फ अर्नहार्ट कापडाच्या गिरणीत कामाला होता आणि तिथून सुटला की धुळीच्या ट्रॅकवर शर्यती मारायचा. १९५६ साली तो नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संघटनेच्या, स्पोर्ट्समन गटाचा विजेता झाला. ते सगळं गावच कॅनन मिल्सच्या टॉवेल आणि चादरींवर उभं राहिलेलं. त्या भागात कापसाच्या गिरण्या आणि स्टॉक कार एकाच मातीत वाढल्या. पाळी संपली की शनिवारी ट्रॅकवर जाणारी माणसं ती. तेव्हा अमळनेरच्या गिरणीतला माणूस कन्नापोलिसच्या गिरणीत जातो आणि येताना ३ नंबरची गाडी आणतो, यात मला योगायोग दिसत नाही. त्यांच्या खात्यातल्या माणसांनी अर्नहार्टला घरचा पोरगा मानलं असणार. काकांनी दुकानात जाऊन 'कुठलीतरी एक' गाडी उचलली नाही, हे नक्की समजा.

अर्नहार्टने सात वेळा नॅसकारचं अजिंक्यपद घेतलं: १९८०, ८६, ८७, ९०, ९१, ९३ आणि ९४. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० या नॅसकारच्या सगळ्यात मानाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत भिंतीला धडकून गेला. तुमची गाडी शेव्रोले लुमिना असेल तर ती १९८९ ते ९४ च्या काळातल्या गाडीचं मॉडेल. माँटे कार्लो असेल तर १९८८-८९ ची, नाहीतर १९९५ किंवा त्यानंतरची. नाव तळावर किंवा नाकावर असतं, बघून सांगा.

आता लाखांचं. अमळनेरवाले दादा, तुमचा मुद्दा मला मनापासून समजतो, पण इथे तो लागू पडत नाही. विप्रोचे शेअर ठेवणारी माणसं थोडी होती. नव्वदच्या दशकात अमेरिकेत या गाड्या जमवायचं असं वेड लागलं की कंपन्यांनी त्या 'संग्रहासाठी' म्हणूनच हजारोंनी काढल्या. डब्यावर 'मर्यादित आवृत्ती' छापायचं आणि लोकांनी न उघडता कपाटात ठेवायच्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून आज सगळ्यांकडेच नव्यासारख्या आहेत. अर्नहार्ट गेल्यावर मागणी चढली हे खरं, पण माल तेव्हाही भरपूर होता आणि आजही आहे. काही खास गाड्यांना अजून चांगला भाव येतो, ते वेगळं. पण तशा सर्वसाधारण काळ्या गल्ल्याला लाख रुपये देणारा कोणी मला माहीत नाही. पॅकमधली छोटी ४३ तर अमेरिकेतून मागवली तर गाडीपेक्षा टपालखर्च जास्त होईल.

पण ४३ ला कमी लेखू नका. ती रिचर्ड पेटीची. दोनशे शर्यती जिंकलेला एकमेव माणूस. दोनशेवी ४ जुलै १९८४ ला डेटोनाला, राष्ट्राध्यक्ष रेगन हजर असताना. १९९२ हे त्याचं निरोपाचं वर्ष, म्हणून कार्डावर ते साल. १५ नोव्हेंबर १९९२ ला अटलांटाला त्याची शेवटची शर्यत झाली. त्याच शर्यतीत जेफ गॉर्डन नावाचा पोरगा पहिल्यांदा उतरला, जो पुढे चार वेळा अजिंक्य झाला. आणि त्याच दिवशी ॲलन कुलविकी फक्त दहा गुणांनी अजिंक्यपद घेऊन गेला. पुढच्या एप्रिलमध्ये विमान अपघातात तो वारला. एका दुपारी एवढं सगळं घडलं. तो पुठ्ठा हातात धरला की मला हे आठवतं, भाव आठवत नाही.

फिकट निळी, पंखवाली, म्हणजे प्लिमथ सुपरबर्ड. १९६९ ला डॉजने चार्जर डेटोना काढली, टोकदार नाक आणि उंच पंखवाली. पेटीला प्लिमथकडून तसली गाडी मिळेना म्हणून तो त्या वर्षी फोर्डकडे गेला. त्याला परत आणायला प्लिमथने १९७० साली सुपरबर्ड काढली. शर्यतीत उतरवायची तर रस्त्यावर विकायलाही ठरावीक संख्येने बनवायला हव्यात असा नियम होता, म्हणून एकोणीसशेच्या आसपास गाड्या ग्राहकांसाठी बनल्या. सरळ पट्ट्यावर या गाड्या इतक्या पळायला लागल्या की १९७१ पासून पंखवाल्यांच्या इंजिनावर मर्यादा घातली आणि त्यांचं राज्य संपलं. फुटाएवढी म्हणताय म्हणजे ती १:१८ मापाची, खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी लांब असणार. या मापात पंख सगळ्यात आधी तुटतो. उचलताना नेहमी तळाखाली हात घाला, पंखाला धरू नका.

आणि आता पिवळी ३८. तुमचं वर्णन वाचून माझं मन तिथेच अडकलं आहे.

ती हॉट व्हील्स या अमेरिकन खेळण्यातल्या गाड्यांच्या ब्रँडची माँटे कार्लो स्टॉकर असावी. १९७५ ला बाजारात आली. तिची चाकं भिंगाखाली बघा. टायरच्या बाजूवर बारीक लाल गोल रेघ आहे का? हॉट व्हील्सने सुरुवातीपासून, म्हणजे १९६८ पासून ती रेघ ठेवली होती आणि १९७७ ला काढून टाकली. रेघ असेल तर गाडी त्या दोन-तीन वर्षांतलीच. तळावरचं साल बघून फसू नका. ते साच्याच्या हक्काचं साल असतं. त्याच सालाची गाडी कंपनी पुढे वीस वर्षंही काढत राहते. शोधायचं असतं ते देशाचं नाव; त्या काळातल्या या गाडीवर हाँगकाँग असतं.

मग तळाचे खिळे बघा. वरचं धातूचं अंग आणि तळ एकमेकांना जोडायला आतून आलेल्या खुंटीचं डोकं कारखान्यात दाबून पसरवलेलं असतं. ते डोकं गुळगुळीत, थोडं फुगीर आणि जुनं दिसलं पाहिजे. मध्ये भोक असेल, स्क्रू असेल, डिंकाचा पिवळा ओघळ असेल किंवा धातू ताजा चकाकत असेल, तर कोणीतरी ड्रिल मारून गाडी उघडलेली आहे. मग चाकंही बदललेली असू शकतात. मी कुठलीही जुनी गाडी हातात घेतली की आधी उलटी करतो. वरचा रंग कोणीही मारेल, पण ते डोकं पुन्हा तसं बसवणं कठीण.

ही पिवळी कोणाला जपायची म्हणून बनवलेली नव्हती. ती मुलाने फरशीवर लोटायची, दुसरीवर आपटायची म्हणून बनवली होती. म्हणून तिच्या बहुतेक बहिणी मोडल्या आणि फेकल्या गेल्या. जपायला बनवलेल्या गाड्या ढिगाने उरल्या आणि खेळायला बनवलेल्या थोड्या उरल्या. आपल्याकडेही हेच झालं. लिओ मॅटेलने भारतात हॉट व्हील्स बनवल्या, तळावर इंडिया लिहिलेल्या. आपल्या पोरांनी त्या अंगणात, ओट्यावर, नाल्यात खेळून संपवल्या. आता बाहेरचे संग्राहक त्या शोधत फिरतात. भुसावळच्या भंगारवाल्याकडे अशी एखादी दिसली तर कृपा करून उचला.

तुमच्या पिवळीचे उडालेले कोपरे म्हणजे तिचा पुरावा आहे. ते झाकले की ती कुठल्याही पिवळ्या गाडीसारखी होईल.

ठेवण्याबद्दल. माळा नको. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टी असतो. कूलरची खोलीही नको, आणि हे आपल्या खान्देशात लोक हमखास विसरतात. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा आपल्याला सुखाची, पण धातूला दमट. हे अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. मिश्रणात शिशाचा अंश राहून गेला असेल तर ओलावा आणि उष्णता मिळून तो धातू आतून फुगतो, भेगा पडतात, भुगा होतो. त्याला औषध नाही. सत्तर-नव्वदच्या गाड्यांत ते क्वचित दिसतं, पण ॲक्सल लोखंडी असतात आणि ते गंजतातच.

मोठ्या गाड्यांचे टायर मऊ प्लॅस्टिकचे असतात. उन्हाळ्यात त्यातलं तेल सुटतं आणि टायर प्लॅस्टिकच्या स्टँडला चिकटून त्याला खड्डे पाडतो. काळी आणि सुपरबर्ड अशा टेकवा की वजन टायरवर न येता तळावर येईल. टायरखाली केक भाजायचा कागद घातला तरी चालेल. पॅकमधल्या ४३ चा पारदर्शक फुगा उन्हाने पिवळा पडतो आणि पुठ्ठ्यापासून सुटतो. खिडकीसमोर ठेवू नका.

काकांचं धाब्याचं घर अजून तुमच्याकडेच असेल तर त्याच्या आतल्या भिंतीतलं फडताळ सगळ्यात चांगलं. जाड मातीच्या भिंती, दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक नाही. काकांनी तो डबा तिथेच ठेवला होता ना? मग गाड्या एवढ्या टिकल्या त्याचं कारण तेच. जळगावला ठेवायच्या तर आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं लाकडी कपाट, आणि नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या.

धुणं: कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा थेंब, मऊ ब्रश. थिनर, पेट्रोल, पितांबरी काही नको. मग कापसाने टिपा आणि पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही.

आग्रारोड_धुळे:

ताई, मी स्वतः डेंटिंग-पेंटिंग करतो. आमच्या गॅरेजवर ट्रकपासून स्कूटरपर्यंत सगळं येतं. तुमच्या भाच्याच्या मित्राचं काम मी बघितलेलं नाही, तो चांगलाच करत असेल. तरी माझं आयका, अहिराणीतच सांगतो: गाडीले रंग लावू नका!

कारण धंद्याचं सांगतो. खऱ्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर मिळून साधारण १०० मायक्रॉन जाडीचा थर बसतो. बोटाएवढ्या गाडीचं माप १:६४. तोच थर तिच्यावर मारला तर खऱ्या गाडीच्या हिशोबाने सहा मिलिमीटरपेक्षा जास्त झाला. म्हणजे तुमच्या मारुतीवर कोणी सहा मिलिमीटर पुट्टी थापली तर कशी दिसेल? दाराची रेघ, खिडकीची कड, बोनेटचा उठाव सगळं भरून जाईल. शिवाय जुना रंग काढायला आम्ही जे वापरतो ते खिडकीच्या प्लॅस्टिकला लागलं की ते दुधाळ होतं, ते परत येत नाही.

आणि तो ३८ आकडा स्टिकर नसेल, छापलेला असेल. नखाने हळूच कड तपासा. कड लागली तर स्टिकर, नाही लागली तर छपाई. हॉट व्हील्सने १९७४ पासून रबराच्या गादीने रंग छापायला सुरुवात केली. तो आकडा तेवढ्या बारकाईने हाताने पुन्हा काढणारा आमच्यात कोणी नाही.

माझ्याकडे पोरं खेळण्यातल्या गाड्या रंगवायला आणतात. नव्या असतील तर मी आनंदाने रंगवून देतो. जुन्या असतील तर घरी पाठवतो.

मेहरूणकाठ (जळगाव):

दादा, काका, तुम्ही एवढं लिहिलंत, वाचताना भरून आलं. कन्नापोलिसचं ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. काकूंना फोन करून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, काकांच्या खात्यातला एक गोरा माणूस दर रविवारी शर्यत बघायला घरी बोलवायचा आणि पोरांना ३ नंबरच्या टोप्या द्यायचा.

पिवळी उलटी करून भिंगाने बघितली. लाल रेघ आहे, तीन चाकांवर स्पष्ट, एकावर पुसट. तळावर हाँगकाँग. दोन्ही खिळ्यांची डोकी गुळगुळीत, भोक नाही. नखाला कड लागत नाही, म्हणजे छपाई. काळी गाडी लुमिना निघाली. तिच्या खोक्यात दुकानाची एक पावती आहे, अक्षरं फिकी झाली आहेत, पण कन्नापोलिस वाचता येतं.

दोन शंका उरल्या. गल्ल्यात काहीतरी वाजतं. किल्ली नाही, तर स्क्रूड्रायव्हरने उघडू का? आणि मुलगा सात वर्षांचा आहे, तो रोज विचारतो "माझ्या गाड्या कुठंयत?" त्याला काय देऊ?

रेल्वेकॉलनी_भुसावळ:

ताई, तीन चाकांवर लाल रेघ आणि तळावर हाँगकाँग! माझी संध्याकाळ चांगली गेली. पुसट चाक चोळू नका, ती रेघ तशीच राहू द्या.

गल्ला उघडू नका. कुलूप साध्या पत्र्याचं असतं, स्क्रूड्रायव्हरने जबरदस्ती केली की आजूबाजूचं प्लॅस्टिक फुटतं. नाणं बाहेर काढायचंच असेल तर गाडी उलटी धरून फटीत पातळ पुठ्ठ्याची पट्टी घाला आणि हळू हलवा, पट्टीवरून नाणं घसरत येतं. अमेरिकन नाणं निघालं तर तेही डब्यातच ठेवा.

पावतीचा फोटो आजच काढा. कागद गुळगुळीत असेल तर तो उष्णतेने छापलेला असतो आणि उष्णतेनेच कोरा होतो. फोटो काढून कागद वहीत घाला, प्लॅस्टिकच्या पाकिटात नको. काळ्या लुमिनाला बाजारात साधाच भाव असेल, पण कन्नापोलिसच्या दुकानाची पावती, गिरणीत काम केलेला मालक आणि काकूंची ही आठवण, हे तिघं एकत्र असतील तर ती गाडी हजारोंतली एक राहत नाही. काकूंनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या, तारीख घाला आणि त्यांची सही घ्या. त्या गोऱ्या माणसाचं नाव आठवलं तर तेही लिहा.

मुलाला सुट्या आठ-दहा द्या, नव्वदच्या असतील त्या बेधडक द्या. तळावर चीन किंवा मलेशिया लिहिलेल्या काढा. त्या खेळायलाच आहेत आणि त्याने ओट्यावरून खाली सोडल्या तरी चालेल. हाँगकाँग किंवा इंडिया लिहिलेली आणखी एखादी निघाली तर देण्याआधी मला दाखवा. पिवळी त्याला हातात घेऊ द्या, तुमच्या समोर, गादीवर बसून. ३ आणि ४३ कोणाच्या गाड्या ते त्याला सांगा. सात वर्षांच्या मुलाला नंबर लगेच पाठ होतात.

आणि एक विचारायचं राहिलं. शार्लटचा मोठा ट्रॅक कन्नापोलिसच्या शेजारी काँकॉर्डला आहे, १९६० पासून. काका-काकू कधी तिथे शर्यत बघायला गेले होते का, एवढं काकूंना विचारा. तिकिटाचा तुकडा कुठल्या पुस्तकात दडलेला सापडला तर गाड्यांच्या आधी मला त्याचा फोटो पाठवा.